मॉलला सवलत, हाटाला पावती

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात टेंभली या गावी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग आणि श्रीमती सोनिया गांधी आले, आणि 'आधार'चे पहिले क्रमांक तेथील आदिवासी ग्रामस्थांच्या हाती देण्यात आले. दहा बोटांचे ठसे आणि दोन्ही डोळ्यांची छबी नोंदवून घेतली म्हणजे गरिबांच्या नावे जाणाऱ्या अनुदानाची गळती थांबेल, हा त्यामागचा एक प्रमुख युक्तिवाद होता. गळती थांबू नये असे कोणीच म्हणणार नाही. आज त्याच जिल्ह्यात माणशी पाच किलो धान्य घ्यायचे तर रास्त भाव दुकानातील यंत्रावर अंगठा टेकवावा लागतो. आणि सातपुड्याच्या डोंगरात यंत्राला संपर्क मिळाला नाही, किंवा राबून राबून बोटांवरच्या रेषाच झिजल्या असल्या, तर पाड्यावरून उतरून आलेल्या बाईला हेलपाटा पडतो. पाच किलो धान्याचा हिशेब हे राज्य किती काटेकोरपणे ठेवू शकते, हे नंदुरबारला कोणी शिकवायला नको.

हा काटेकोरपणा एकाच दिशेला का वळतो, हा खरा प्रश्न आहे. राज्याच्या तिजोरीतून दुसरेही एक अनुदान गेली पंचवीस वर्षे वाहते आहे. ते घेणाऱ्याला अंगठा उमटवावा लागत नाही, रांगेत उभे राहावे लागत नाही, आणि त्याला कोणी 'लाभार्थी' म्हणत नाही. त्या अनुदानाला अनुदान असे नावही नाही. त्याला कधी 'प्रोत्साहन' म्हणतात, कधी 'सवलत', कधी 'वाढीव चटईक्षेत्र', तर कधी 'व्यवसायसुलभता'. मोठ्या शहरांत जे भव्य मॉल आणि मल्टिप्लेक्स उभे राहिले, ते खासगी भांडवलाच्या धडाडीचे स्मारक म्हणून दाखविले जातात. वस्तुतः त्यांच्या पायात सार्वजनिक पैसा भरलेला आहे. तो किती आहे हे कोणत्याही एका जमाखर्चात सापडत नाही, यातच या व्यवहाराची मेख आहे.

सर्वात उघड उदाहरण करमणूक शुल्काचे घ्यावे. २००१ साली महाराष्ट्र शासनाने नव्या मल्टिप्लेक्स संकुलांना पहिली तीन वर्षे करमणूक शुल्कात शंभर टक्के आणि पुढील दोन वर्षे ७५ टक्के माफी दिली. करमणूक शुल्क हे काही नगण्य शुल्क नव्हते. १ जुलै २०१७ रोजी ते वस्तू व सेवा करात विलीन झाले, तोवर मोठ्या शहरांत त्याचा दर ४५ टक्क्यांवर होता. म्हणजे एरवी तिजोरीत गेली असती ती रक्कम पाच वर्षे मालकाच्या हाती राहिली. मल्टिप्लेक्स हे बहुतेक मॉलचे खेचणारे इंजिन असते. चित्रपटाला आलेले गिऱ्हाईक खाली दुकानांत उतरते आणि त्या दुकानांचे भाडे चढते. त्यामुळे ही माफी पडद्यापुरती नव्हती, सबंध संकुलाला मिळालेली होती. तालुक्याच्या गावातील एकपडदा चित्रपटगृहाला, जिथे ऊसतोडीहून परतलेला मजूर वर्षातून एखादा चित्रपट पाहायचा, त्याला ही माफी नव्हती. तो मालक शुल्क भरत राहिला आणि यथावकाश दार बंद करून बसला.

या कथेचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. मालकाजवळ राहिलेली ही रक्कम उत्पन्न धरून तीवर आयकर लावावा काय, असा वाद पुण्यातील एका मल्टिप्लेक्सच्या प्रकरणात उभा राहिला आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की, हे अनुदान मल्टिप्लेक्सची उभारणी व्हावी या हेतूने दिलेले असल्याने ती भांडवली जमा ठरते. सबब तीवर आयकर नाही. न्यायालयाचा निर्णय कायद्याच्या दृष्टीने योग्यच असेल. पण त्यातून दोन गोष्टी निर्विवाद झाल्या. एक, ज्याला मंत्रालयाने 'माफी' म्हटले त्याला देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने अनुदान मानले. दुसरी, प्रेक्षकाच्या खिशातून निघालेल्या पैशावर राज्याने आपला हक्क सोडला आणि केंद्रालाही त्यातून काही मिळाले नाही. रोजगार हमीच्या मजुरीतून हप्ता कापणाऱ्या बँकेला हे गणित समजावून सांगणे कठीण जाईल.

दुसरे उदाहरण याहून कितीतरी मोठे आहे आणि त्यात पैशाऐवजी जमीन दिली गेली. मुंबईच्या कापड गिरण्यांशी खानदेशचे नाते जुने. तापी खोऱ्यातून सुरतेकडे जाणारा लोहमार्ग या भागाचा कापूस वाहून नेण्यासाठीही टाकला गेला होता. गिरण्या चालल्या त्या शेतकऱ्याच्या कापसावर आणि कामगाराच्या घामावर. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि त्यानंतर एकेक गिरणी मिटत गेली. उरली ती शहराच्या ऐन मध्यावरील सुमारे ६०० एकर जमीन. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने त्या जमिनीची वाटणी ढोबळमानाने अशी ठरविली होती : एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला विकासासाठी. समाजाचा हक्क त्यात निदान मान्य तरी केलेला होता. २००१ मध्ये या नियमात एक दुरुस्ती झाली. वाटणी करावयाची ती सबंध जमिनीची नव्हे, तर केवळ मोकळ्या पडलेल्या जमिनीची. जिथे गिरणीचे शेड उभे आहे त्याखालची जमीन हिशेबाबाहेर! गिरणी म्हणजे मुळात शेडच. मोकळी जमीन तिथे असणार किती? काही शब्दांच्या फरकाने शहराचा वाटा आक्रसून गेला. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये या प्रकाराला पायबंद घातला, पण ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती वैध ठरविली. आज लोअर परळला जे झगझगीत मॉल आणि मनोरे दिसतात, ते याच जमिनींवर.

दुरुस्ती वैध ठरली, याचा अर्थ ती अनुदान नव्हती असा होत नाही. अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर चटईक्षेत्र ही निसर्गाने दिलेली वस्तू नाही. ती राज्याने निर्माण केलेली संपत्ती आहे. एका भूखंडावर किती मजले चढवावेत, हे ठरविणारा कागद मंत्रालयात सही होऊन निघतो आणि त्या सहीबरोबर जमिनीची किंमत दुप्पट-तिप्पट होते. ही वाढलेली किंमत मालकाने श्रम करून मिळविलेली नसते. शहरातील रस्ते, पाणी, रेल्वे, आणि तिथे राहणाऱ्या लाखो लोकांच्या वावराने ती निर्माण झालेली असते. ती मालकाला देऊन टाकणे आणि तिजोरीतून तेवढी रोख रक्कम देणे यांत तत्त्वतः काहीही फरक नाही. फरक आहे तो इतकाच की, रोख रक्कम द्यायची तर विधिमंडळात मागणी मांडावी लागते, आणि नकाशा मंजूर करायला विधिमंडळ लागत नाही.

याच सुमारास तिजोरीला काय परवडत नव्हते, हेही पाहण्याजोगे आहे. १९७२ मध्ये सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी योजना तोट्यात जाते म्हणून २००२ च्या सुमारास मोडीत काढण्यात आली. त्या योजनेत भ्रष्टाचार होता, ग्रेडर पैसे खात होते, चुकारे महिनोन्‌महिने मिळत नव्हते, हे सारे खरे आहे आणि समाजवाद्यांनी ते लपविण्याचे कारण नाही. पण त्यावर उपाय म्हणून योजना सुधारली नाही, बंद केली. नंदुरबार-शहाद्याचा कापूस उत्पादक तिजोरीला जड झाला, आणि त्याच वर्षांत मुंबई-पुण्याचा मल्टिप्लेक्सवाला हलका वाटला.

पुढे या दिशेला धोरणाचे रूपही मिळाले. २०१६ साली राज्याने किरकोळ व्यापारासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. परवान्यांची संख्या कमी करणे, एक खिडकी मंजुरी वगैरे वगैरे. २०१७ मध्ये दुकाने व आस्थापना यांचा १९४८ चा जुना कायदा जाऊन नवा आला, त्याने दुकाने चोवीस तास उघडी ठेवण्याची मुभा दिली. चोवीस तास दुकान कोण उघडे ठेवू शकते? पाळ्यांत माणसे लावू शकणारा. नवऱ्याने सकाळी आणि बायकोने दुपारी गल्ल्यावर बसायचे, हा ज्यांचा कारभार आहे त्यांना या मुभेचा उपयोग नाही.

हा केवळ आपल्याकडचा रोग नाही. अमेरिकेतील 'गुड जॉब्स फर्स्ट' या संस्थेने २००४ मध्ये वॉलमार्ट या कंपनीला तेथील राज्यांनी व स्थानिक संस्थांनी दिलेल्या सवलतींची जंत्री काढली, तेव्हा बेरीज १०० कोटी डॉलरच्या वर गेली : फुकट किंवा स्वस्त जमीन, करमाफी, रस्ते, सांडपाण्याच्या वाहिन्या. जगातील सर्वात धनाढ्य दुकानदाराला गरीब गावांच्या नगरपालिका पदरमोड करून बोलावीत होत्या. हीच कंपनी २०१८ मध्ये १,६०० कोटी डॉलर मोजून फ्लिपकार्टची ७७ टक्के मालक झाली. तेव्हा उद्या जिल्ह्याच्या गावात कोणाशी स्पर्धा आहे, याचा अंदाज कापड दुकानदाराने आताच घेतलेला बरा.

उद्योगांना सवलती देणे मुळातच पाप आहे, असे येथे म्हणावयाचे नाही. १९६४ साली महाराष्ट्राने सामूहिक प्रोत्साहन योजना आणली, तिचा हेतू मुंबई-पुण्याबाहेरच्या मागास भागांत कारखाने जावेत हा होता. जिथे भांडवल आपण होऊन जात नाही तिथे त्याला थोडा धक्का द्यावा, हे तत्त्व समजण्यासारखे आहे. व्यवहारात त्याचे काय झाले हा वेगळा विषय. पण लोअर परळमध्ये दुकान काढण्यासाठी भांडवलाला धक्का द्यावा लागतो काय? तिथे तर ते धक्काबुक्की करीत शिरते! शिवाय कारखाना नवी वस्तू निर्माण करतो. मॉल वस्तू निर्माण करीत नाही, लोकांच्या हातातील क्रयशक्ती वाढवीत नाही. आहे तीच खरेदी एका दुकानातून काढून दुसऱ्या दुकानात नेतो. गल्लीतील दहा दुकानांचा गल्ला एका छताखाली गोळा करण्यासाठी त्या दहा दुकानदारांनीच भरलेल्या करातून मदत द्यायची, याला विकास म्हणण्यासाठी फार मोठे धारिष्ट लागते.

रोजगाराचा मुद्दा हटकून पुढे येतो. मॉलमध्ये मुले-मुली कामाला लागतात, ही गोष्ट दिसते. मोडलेल्या दुकानातून आणि उठविलेल्या हातगाडीवरून जी माणसे बेकार झाली ती मोजली जात नाहीत. आणि जी कामाला लागली त्यांपैकी बहुतेक कंत्राटावर, दिवसभर उभ्याने. गंमत अशी की, पुरेसा पगार असलेला मॉलमधला विक्रेता आपल्या पगारातून व्यवसाय कर भरतो. हा कर महाराष्ट्रात १९७५ साली कशासाठी आला, हे नव्या पिढीच्या कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावे. १९७२ च्या दुष्काळात सुरू झालेल्या रोजगार हमी योजनेसाठी शहरातील पगारदारांनी काही वाटा उचलावा म्हणून तो बसविण्यात आला. शहराने खेड्याला द्यायचे, हे तत्त्व त्या काळच्या काँग्रेस राजवटीलाही, लोकरेट्याखाली का होईना, मान्य करावे लागले होते. १९७२ सालीच शहाद्याला श्रमिक संघटना उभी राहिली आणि भिल्ल शेतमजुराने हक्काच्या कामाची व जमिनीची भाषा सुरू केली, तो याच काळाचा भाग. २००१ नंतर पाण्याचा पाट उलटा फिरला. विक्रेता पोरगा वर्षाला २,५०० रुपयांपर्यंत व्यवसाय कर देतो आणि त्याच्या डोक्यावर जो मॉल उभा आहे तो माफीवर वाढलेला असतो.

आता धडगाव, मोलगी, अक्कलकुवा येथील आठवडे बाजारात यावे. जिल्ह्याची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी. पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक बालके वयाच्या मानाने कमी वजनाची. येथील अर्थव्यवहाराचा कणा म्हणजे हाट. पावरा आणि भिल्ल बाया डोंगर उतरून आमचूर, मोहफुले, भगर, कोंबड्या घेऊन येतात आणि मीठ, तेल, कपडा घेऊन परततात. होळीपूर्वीच्या भोंगऱ्या बाजारात तर सबंध सातपुडा खाली उतरतो. या हाटाला राज्याने काय दिले? बऱ्याच ठिकाणी छप्पर नाही, पिण्याच्या पाण्याचा नळ नाही, बायांसाठी आडोसा नाही. जमिनीवर फडके पसरून बसले की ठेकेदाराचा माणूस येतो आणि पावती फाडतो. बाजार फी वसुलीचा ठेका लिलावाने जातो. जो जास्त बोली बोलतो तो ती जास्तीने वसूल करतो. दोन पाट्या आमचूर विकला जाण्याआधीच पावतीचे पैसे कमरेच्या चंचीतून काढून द्यावे लागतात. मॉलवाल्याला पाच वर्षे माफी आणि हिला पाच मिनिटांचीही उधारी नाही.

हाट म्हणजे स्वर्ग नव्हे, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. काटा मारणारा व्यापारी तिथेही आहे. आमचुराचा भाव गरजेच्या दिवसांत पाडला जातो, आणि तोच आमचूर पुढे मसाल्याच्या पुडीत किती पटीने विकला जातो हे आंब्याच्या फोडी वाळविणाऱ्या बाईला कधी कळत नाही. हे ओळखूनच १९७२ मध्ये आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले आणि १९७६ च्या कायद्याने आदिवासी भागात एकाधिकार खरेदीची तरतूद झाली. महामंडळ पुढे सुस्त झाले, खरेदी केंद्रे वेळेवर उघडेनाशी झाली. परंतु सुस्त सरकारी केंद्राचा इलाज चुस्त खासगी मॉल हा नाही. सहकाराला भांडवल द्या, गोदाम द्या, वेळेवर पैसे द्या. मॉलला दिले त्याच्या शतांशाने काम झाले असते.

नंदुरबारच्या मिरचीची स्थिती पाहा. देशातील मोठ्या मिरची बाजारपेठांत या शहराची गणना होते. ओली लाल मिरची उघड्या पथाऱ्यांवर वाळते आणि अवकाळी पाऊस आला की डोळ्यांदेखत काळी पडते. २०१२ मध्ये किरकोळ व्यापारात ५१ टक्के परदेशी भांडवलाला मुभा देताना दिल्लीने सांगितले होते की, या भांडवलाचा निम्मा हिस्सा शीतगृहे, गोदामे, वाहतूक यांत जाईल आणि शेतकऱ्याचे कल्याण होईल. तेव्हापासून कितीतरी पावसाळे गेले. पथारी आहे तिथेच आहे, आकाशाखाली.

शहरातला फेरीवालाही याच पंक्तीत बसतो. त्याच्यासाठी २०१४ चा कायदा झाला. नगर पथविक्रेता समिती, तीत ४० टक्के निवडून आलेले विक्रेते, सगळे कागदावर सुरेख. २०२० मध्ये पंतप्रधानांच्या नावाची योजना आली आणि पहिल्या हप्त्यात त्याला १० हजार रुपये देऊ करण्यात आले. अनुदान नव्हे, कर्ज. फेडले तर व्याजात काही सूट. कोट्यवधींच्या माफीवर वाढलेल्या संकुलासमोर हातगाडी लावणाऱ्याला शासनाने १० हजारांचे कर्ज दिले आणि त्याचे छायाचित्र फलकावर लावले.

हे सारे मुंबई-पुण्याचे दुखणे आहे, नंदुरबारला त्याचे काय, असे समजण्याची चूक होऊ नये. मॉल येतो तो आधी छोट्या अवतारात येतो, आणि त्याचे नाव 'व्यापारी संकुल' असते. नगरपालिकेची मंडईची जागा, शाळेचे मैदान, एस.टी. महामंडळाची बसस्थानकालगतची जमीन, ही सार्वजनिक मालमत्ता 'बांधा-वापरा-हस्तांतरित करा' या मंत्राने विकासकाच्या हाती दिली जाते. भाडेपट्ट्याची मुदत इतकी लांब की, हस्तांतर पाहायला आजचा एकही नगरसेवक हयात नसावा. तळमजल्याचे गाळे विकासक अनामत घेऊन देतो, मागच्या अंधाऱ्या बाजूचे नगरपालिकेच्या वाट्याला येतात, आणि पूर्वी त्या जागेवर बसणाऱ्या भाजीवाल्या रस्त्यावर जातात. असे ठराव राज्यभर बहुधा एकमताने होतात. त्या एकमतात आपल्या विचाराचे सदस्यही कधी कधी हात वर करून बसलेले असतात, ही गोष्ट या पानावर बोलायची नाही तर कुठे बोलायची?

केंद्र सरकार २००६-०७ च्या अर्थसंकल्पापासून करसवलतींमुळे सोडून दिलेल्या महसुलाचे विवरणपत्र संसदेपुढे ठेवते. पुढे 'सोडून दिलेला महसूल' हे शब्द बोचू लागले म्हणून विवरणाचे नाव सौम्य करण्यात आले, पण विवरण राहिले. चटईक्षेत्र, नाममात्र भाडेपट्टे, सार्वजनिक जमिनी यांचे असे विवरण प्रत्येक नगरपालिकेने आणि राज्याने दरवर्षी द्यावे. जमीन कोणाला दिली, शासनाच्या मूल्यदर तक्त्याप्रमाणे तिचे भाडे किती झाले असते, प्रत्यक्षात किती मिळते, आणि मधला फरक कोणाच्या नावावर आहे. टेंभलीच्या ग्रामस्थाचे नाव यादीत येते, तर विकासकाचेही यावे. नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर येथील कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात हे चार रकाने मागविण्यापासून सुरुवात करावी. काम रुक्ष आहे, घोषणा देण्याइतके उत्साहवर्धक नाही.

आणि एक काम अनुसूचित क्षेत्रातील गावांनी करायचे आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने गावबाजाराचे व्यवस्थापन करण्याचा अधिकार ग्रामसभा आणि ग्रामपंचायत यांच्याकडे सोपविला आहे. महाराष्ट्राचे नियम २०१४ मध्ये झाले. अक्राणी आणि अक्कलकुवा हे तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतात. तरीही बाजाराचा ठेका बऱ्याच ठिकाणी जुन्याच रिवाजाने, ग्रामसभेला न विचारता दिला जातो. पुढच्या लिलावाच्या आधी हा विषय ग्रामसभेत यावा. डोक्यावरून पाटी घेऊन येणाऱ्या बाईची पावती माफ करण्याचा ठराव तिथे मांडावा, आणि गाडी भरून माल आणणाऱ्या व्यापाऱ्याकडून होणाऱ्या वसुलीतून बाजारतळावर पत्र्याचे छप्पर केव्हा पडणार, याची तारीख सरपंच आणि ग्रामसेवकाकडून इतिवृत्तात लिहून घ्यावी.